सहा निघाले, तिघांनी प्रदक्षिणा पुरी केली : मुंबईच्या सायकलस्वारांचा जगप्रवास (१९२३–१९२८)

#इतिहास #धागा

१/
१५ ऑक्टोबर १९२३. मुंबईतून सहा तरुण सायकलींवर निघाले. सारे विशीतले, सारे पारशी आणि सारे बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सभासद. त्यांना पोहोचायचे होते मुंबईलाच. वाट मात्र पृथ्वीला वळसा घालून जाणारी होती. ४ वर्षे ५ महिन्यांनी, १८ मार्च १९२८ रोजी, ते वर्तुळ पुरे झाले. तोवर सायकलींवर तिघेच उरले होते. या धाग्यात त्या तिघांची गोष्ट आहे आणि वाटेत थांबलेल्या तिघांचीही.

२/
नावे लक्षात ठेवावीत अशी आहेत : आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भुमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानावाला आणि नरिमन कापडिया. यांपैकी पहिल्या तिघांनी सुमारे ४४,००० मैल, म्हणजे जवळजवळ ७१,००० किलोमीटर अंतर पुरे केले. पृथ्वीचा विषुववृत्तावरचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ उलगडतो.

३/
ठिणगी पडली ती १९२० मध्ये. युरोपातून पायी चालत हिंदुस्थानात आलेल्या एका फ्रेंच प्रवाशाचे व्याख्यान मुंबईच्या ओव्हल मैदानावर झाले. तरुणांनी ते ऐकले आणि त्यांच्या मनात एक साधा प्रश्न घर करून बसला : तिकडचा माणूस इथवर चालत येतो, तर इथला माणूस तिथवर का जाऊ नये? या प्रश्नाला प्रत्यक्ष उत्तर देण्यासाठी पुढची तीन वर्षे जावी लागली.

४/
सायकलवरून जगप्रवास ही कल्पना तेव्हा नवी नव्हती. थॉमस स्टीव्हन्स १८८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून उंच चाकाच्या सायकलीवर निघाला आणि १८८६ च्या अखेरीस योकोहामाला पोहोचला. जॉन फॉस्टर फ्रेझर आणि त्याच्या दोन साथीदारांनी १८९६ ते १८९८ या काळात १७ देश पालथे घातले. त्यांत हिंदुस्थानही होता. या प्रवासवर्णनांत हिंदुस्थान दिसतो तो देखावा म्हणून. पाहणारा डोळा बाहेरचा आणि पाहिला जाणारा इथला. १९२३ मध्ये ही दिशा उलटली.

५/
पारशी तरुणांच्या बाबतीत या दिशेला आणखी एक जुना संदर्भ आहे. डहाणूहून समुद्राच्या कडेने घोलवड-बोर्डीकडे जाताना चिखले लागते. त्याच किनाऱ्याने उत्तरेला गेले की गुजरातच्या हद्दीत संजाण येते. 'किस्सा-ए-संजाण' या फारसी काव्यातील परंपरेनुसार इराणातून आलेले झरथुष्ट्री या संजाणला उतरले. पुढे संजाण पडले, तेव्हा पवित्र इराणशाह अग्नी बोर्डीजवळच्या बाहरोटच्या डोंगरातील गुहांत १२ वर्षे सांभाळला गेला, असे हीच परंपरा सांगते.

६/
शतकांनंतर, विशेषतः एकोणिसाव्या शतकापासून, इराणातून नव्याने आलेली झरथुष्ट्री कुटुंबे याच डहाणू-घोलवड पट्ट्यात वसली. इथल्या चिकूच्या वाड्यांशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले. म्हणजे इराणकडून या किनाऱ्याकडे येणारी वाट समाजाच्या स्मरणात ठळक होती. १९२३ चे सहा तरुण निघाले ते त्या स्मरणाच्या उलट्या दिशेने : पंजाब, बलुचिस्तान आणि मग पूर्वजांचा इराण. तोही समुद्राने नव्हे, तर खुश्कीच्या मार्गाने आणि स्वतःच्या पायांच्या बळावर.

७/
सामान किती होते? जगाचा नकाशा, होकायंत्र, थोडे कपडे, सायकलीची हत्यारे, सुटे भाग आणि औषधांची पेटी. आजच्या सायकलस्वाराला सहज वाटणारी गिअरची सोय त्या काळी सर्वसामान्य नव्हती. टूर द फ्रान्ससारख्या शर्यतीतसुद्धा डिरेलर गिअरला परवानगी मिळाली ती १९३७ मध्ये. चढ आला की उभे राहून पायडल मारायचे, नाहीतर उतरून सायकल ढकलायची, एवढेच दोन पर्याय.

८/
आणखी एक सामान नवे होते : पारपत्र. पहिल्या महायुद्धापूर्वी बहुतेक देशांत पारपत्रावाचून जाता येत असे. युद्धाने सीमांवर पहारे बसवले आणि हिंदुस्थानातही १९२० मध्ये पासपोर्टचा कायदा झाला. हे सहाजण जगप्रवासाला निघाले ते जग कागदपत्रांच्या चौकटीत बंदिस्त होत असतानाच. त्यांच्या कागदांवर ते ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन होते. लोकांना सांगताना मात्र ते हिंदुस्थानचे होते. जग जवळून पाहावे आणि जगाला हिंदुस्थानची ओळख करून द्यावी, हा त्यांनी स्वतःच सांगितलेला हेतू होता.

९/
ते निघाले आणि दोनच आठवड्यांत, २८ ऑक्टोबर १९२३ रोजी, रेझा खान इराणचा पंतप्रधान झाला. दोन वर्षांत काजार घराणे गेले आणि तोच शाह झाला. म्हणजे हे सायकलस्वार ज्या इराणातून गेले तो एका राजवटीतून दुसऱ्या राजवटीत चाललेला देश होता. इराणचा उत्तर-दक्षिण लोहमार्ग सुरू व्हायलाच १९२७ उजाडले आणि पुरा व्हायला १९३८. तेव्हा इस्फहान आणि तेहरानकडे जाणारी वाट म्हणजे धूळ, खडी, थंडीत बर्फ आणि काफिल्यांच्या जुन्या पाऊलखुणा.

१०/
पहिली गळती तेहरानला झाली. नरिमन कापडिया वैयक्तिक कारणांमुळे तिथून मायदेशी परतला. सहांचे पाच झाले. 'वैयक्तिक कारण' या दोन शब्दांपाशी वाचकाने जरा थांबावे. घरातील आजार, पैसा, जबाबदारी, खचलेले शरीर, यांपैकी काहीही त्या शब्दांआड असू शकते. वर्षानुवर्षे चालणाऱ्या मोहिमांचा इतिहास वाचताना अशी मोघम वाक्ये पुन्हा पुन्हा भेटतात.

११/
मग मेसोपोटेमियाचे वाळवंट. बगदाद ते अलेप्पो हे सुमारे ९५६ किलोमीटरचे अंतर त्यांनी २३ दिवसांत कापले. दिवसाला सरासरी ४२ किलोमीटरच्या आत. चांगल्या रस्त्यावर हा आकडा किरकोळ वाटेल. पण इथे रस्ताच नव्हता. ५५ अंशांच्या वर गेलेले तापमान, वाळूची वादळे, कोरडे पडलेले घसे आणि आजारपण. उष्णतेने रबर मऊ पडते, पंक्चरला लावलेल्या ठिगळाचे सोल्युशन सुटते आणि वाळूत रुतलेले चाक पुढे सरकत नाही. अशा वेळी सायकल हे वाहन न राहता ओझे होते.

१२/
मग ते तरले कसे? वाटेतल्या अरब वस्त्यांनी दिलेल्या खजुरांवर आणि भाकरीवर. जे मिळेल त्या मचूळ पाण्यावर. योगायोग असा की ऑक्टोबर १९२३ मध्येच नेर्न या न्यूझीलंडच्या दोन भावांनी सीरियाच्या वाळवंटातून बगदादपर्यंत टपाल आणि प्रवासी नेणारी मोटारसेवा सुरू केली होती. त्याच महिन्यात याच प्रदेशाकडे मुंबईहून सायकली निघाल्या होत्या. यंत्रयुगाने वाळवंट जिंकले असे म्हणताना, ते पायडलनेही ओलांडले गेले, हे विसरायला नको.

१३/
राजकीय नकाशाही नवाच होता. उस्मानी साम्राज्य कोसळल्यावर इराक ब्रिटनच्या आणि सीरिया फ्रान्सच्या ताब्यात आला होता. पाच वर्षांपूर्वी जिथे एकच साम्राज्य होते तिथे आता चौक्या होत्या आणि प्रत्येक चौकीवर वेगळी भाषा व वेगळा शिक्का. पुढे सिनाईचे वाळवंट ओलांडून हे तरुण इजिप्तकडे गेले. पर्शिया, मेसोपोटेमिया, सीरिया आणि सिनाई हा सारा पट्टा सायकलने पार करणारे पहिले म्हणून त्यांचा उल्लेख होतो.

१४/
तेथून जहाजाने इटली. मुसोलिनी ऑक्टोबर १९२२ मध्येच सत्तेवर आला होता. युरोप महायुद्धाच्या जखमा चाटत होता. आल्प्समध्ये ते ६,६०० फुटांपर्यंत चढले. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही सुमारे १,२०० फूट अधिक उंचीवर, लादलेल्या सायकलींसह. वाळवंटाने भाजलेल्या शरीरांना आता बर्फाची परीक्षा होती. युरोप ओलांडून ते ब्रिटनला पोहोचले आणि मग जहाजाने अमेरिकेला.

१५/
अमेरिकेत त्यांनी पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत सुमारे ५ महिन्यांत ८,४०० किलोमीटर सायकल चालवली. हा देश मोटारींनी झपाटलेला होता. जून १९२४ मध्ये फोर्डच्या कारखान्यातून १ कोटीवी मॉडेल टी मोटार बाहेर पडली होती. जिथे शेतकऱ्याच्या दारातही मोटार उभी, तिथे हजारो मैल सायकल हाकणारे हिंदी तरुण म्हणजे कुतूहलाचाच विषय.

१६/
आणि इथेच मोहिमेला दुसरा, अधिक मोठा धक्का बसला. गुस्ताद हाथीरामने अमेरिकेतच स्थायिक व्हायचे ठरवले. त्याच्या या निर्णयाने खिन्न झालेला केकी पोचखानावाला तिथूनच मायदेशी परतला. पाचांचे तीन झाले. वाळवंटाने, उपासमारीने, बर्फाने जे केले नाही ते एका सुस्थित देशाच्या आकर्षणाने केले. संकटात एकत्र राहिलेला गट सुखाच्या वळणावर फुटला.

१७/
हाथीरामच्या निर्णयाचा काळ पाहण्याजोगा आहे. १९१० मध्ये भिकाजी बलसारा या पारशी व्यापाऱ्याचे अमेरिकी नागरिकत्व तिथल्या न्यायालयाने ग्राह्य धरले होते. मात्र फेब्रुवारी १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हिंदी लोक नागरिकत्वासाठी 'गोरे' ठरत नाहीत असा निकाल दिला आणि १९२४ च्या कायद्याने आशियाई स्थलांतराचे दार जवळजवळ बंद केले. दार मिटत असताना आत राहण्याचा निश्चय करणाऱ्याला केवळ 'मोहीम सोडणारा' म्हणणे म्हणूनच अपुरे वाटते.

१८/
उरले हकीम, बापासोला आणि भुमगरा. आता त्यांच्यापुढे प्रशांत महासागर होता आणि त्यापलीकडे घरी नेणारी वाट. पण ही वाटच सर्वांत बिकट निघाली. जपान ओलांडून ते कोरियात आले. कोरिया १९१० पासून जपानच्या अमलाखाली होता. मग चीन. त्या दशकात चीन परस्परांशी लढणाऱ्या लष्करी सरदारांमध्ये वाटला गेला होता आणि जुलै १९२६ मध्ये राष्ट्रवादी सैन्याने उत्तरेकडे मोहीम उघडली. साऱ्या प्रवासातील अतिशय खडतर टप्पा म्हणून चीनचाच उल्लेख होतो.

१९/
चीननंतर फ्रेंचांच्या ताब्यातील व्हिएतनाम आणि कंबोडिया, मग स्वतंत्र सयाम, मग ब्रह्मदेश. दलदल, घनदाट अरण्ये, काही दिवस अन्नाविना, काही दिवस पाण्याविना. ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक प्रांत होता. तो वेगळा झाला १९३७ मध्ये. म्हणजे कागदोपत्री ते ब्रह्मदेशाच्या सीमेवरच 'घरी' पोहोचले होते. चाकांना मात्र ते मान्य नव्हते. ईशान्येकडून शिरून अख्खा देश अजून ओलांडायचा होता.

२०/
१८ मार्च १९२८. मुंबई. निघाल्यापासून १,६१६ दिवस झाले होते. एकूण अंतराला दिवसांनी भागले तर सरासरी निघते दिवसाला सुमारे ४४ किलोमीटर. आणि या दिवसांत जहाजांवरचे, आजारपणाचे आणि मुक्कामाचे सारे दिवस धरलेले आहेत. या मोहिमेचे सामर्थ्य वेगात नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सायकलीवर बसण्यात आहे.

२१/
ज्या मुंबईत ते परतले ती त्यांनी सोडलेली मुंबई राहिली नव्हती. फेब्रुवारी १९२५ मध्ये बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी धावू लागली होती. जानेवारी १९२८ मध्ये कुलाबा-बोरिवली मार्गावरही वीज आली. ३ फेब्रुवारी १९२८ रोजी सायमन कमिशन मुंबईत उतरले तेव्हा शहराने हरताळ आणि काळ्या निशाणांनी त्याचे स्वागत केले. गुजरातेत बारडोलीचा सत्याग्रह पेटला होता. 'आम्ही हिंदुस्थानचे' असे जगभर सांगत फिरलेल्या तिघांना, तेच वाक्य आता घराघरांत ऐकू येत होते.

२२/
१९३१ मध्ये त्यांचे 'विथ सायक्लिस्ट्स अराउंड द वर्ल्ड' हे इंग्रजी पुस्तक निघाले. प्रस्तावना जवाहरलाल नेहरूंची. मोहिमेविषयी आज जे सांगितले जाते त्याचा मोठा आधार हेच पुस्तक. इतिहासाच्या अभ्यासकाने इथे सावध व्हावे. पुस्तकाचे लेखक कोण? बापासोला, भुमगरा आणि हकीम. म्हणजे ज्यांनी प्रदक्षिणा पुरी केली तेच. साधन खरे असले तरी ते पोहोचणाऱ्यांच्या डोळ्यांनी पाहिलेले आहे. कापडियाची तेहरानमधली शेवटची रात्र त्यात त्याच्या शब्दांत सापडणार नाही.

२३/
म्हणूनच या मोहिमेचा हिशेब 'तीन यशस्वी, तीन अपयशी' असा मांडता येत नाही. बगदाद ते अलेप्पोच्या वाळवंटात पाचजण होते. पाणी पाचांत वाटले गेले, पंक्चर पाचांनी मिळून काढले, आजारी साथीदाराला बाकीच्या चौघांनी सावरले असणार. अंतिम रेषेवर तिघे दिसतात. पण त्यांना तिथवर आणणाऱ्या बळात थांबलेल्या तिघांचाही वाटा आहे. वारीत पालखी पंढरपूरला पोहोचते, तेव्हा वाटेत खांदा बदललेल्यांचे श्रम पालखीबरोबरच पोहोचलेले असतात.

२४/
या वाटेवर पुढे आणखी मुंबईकर निघाले. १९२४ मध्ये क्रीडापत्रकार फ्रामरोझ दावर एकटाच निघाला. व्हिएन्नात त्याला गुस्ताव स्तावयानिक हा जोडीदार मिळाला. सहारा आणि ॲमेझॉनचा प्रदेश तुडवून १९३१ मध्ये त्यांचा प्रवास संपला : ५२ देश, सुमारे १,१०,००० किलोमीटर. १९३३ मध्ये केकी खरास, रुस्तम गांधी आणि रतन श्रॉफ हे तिघे बाहेर पडले आणि सुमारे ८४,००० किलोमीटर करून परतले ते १९४२ मध्ये, दुसरे महायुद्ध पेटलेले असताना.

२५/
या साऱ्या मोहिमांमागे साहस होते, देशाचे नाव होते. सायकलला सेवेचे आणि समाजकार्याचे साधन करण्याची परंपरा महाराष्ट्रात पुढे ठळक झाली. डिसेंबर १९८५ मध्ये बाबा आमटे यांनी कन्याकुमारीहून काश्मीरच्या दिशेने 'भारत जोडो' अभियान काढले. तरुण-तरुणी सायकलींवर होत्या. बाबांनी तेव्हा सत्तरी ओलांडली होती आणि मणक्याच्या विकाराने त्यांना धड बसताही येत नसे; एकतर उभे राहायचे, नाहीतर आडवे व्हायचे. तरी ते वाहनात आडवे पडून तरुणांसोबत देशभर गेले.

२६/
तो काळ आठवावा. १९८४ मध्ये इंदिरा गांधींची हत्या आणि त्यानंतरचे शीखविरोधी हत्याकांड घडून गेले होते. पंजाब धुमसत होता, आसामच्या जखमा ओल्या होत्या. अशा वेळी मोटारींच्या ताफ्याऐवजी सायकल निवडण्यात अर्थ होता. सायकल गावातून जाते, थांबते, पाणी मागते. आणि पाणी मागणारा माणूस परका राहत नाही. काश्मीरचा टप्पा पुरा झाल्यावरही बाबा थांबले नाहीत. १९८८ मध्ये ईशान्येच्या टोकापासून गुजरातपर्यंत दुसरे अभियान निघाले.

२७/
अलीकडचे उदाहरण नाशिकचे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या गटात ९ दिवसांच्या आत पुरी केली. ती पुरी करणारा हा पहिला भारतीय संघ. त्यांच्या मोहिमेचे नाव होते 'व्हिजन फॉर ट्रायबल्स'. आदिवासींच्या नेत्रसेवेच्या कार्याशी ती जोडलेली होती. हकीम आणि साथीदारांना जो देश ओलांडायला ५ महिने लागले, तोच आळीपाळीने रात्रंदिवस सायकल चालवून ९ दिवसांत ओलांडला गेला.

२८/
दोहोंमधला फरक रस्त्यांचा आहे, सायकलींचा आहे, पाठीमागे धावणाऱ्या सहाय्यक गाडीचा आहे. सारखेपणा एका गोष्टीत आहे. दोन्ही वेळी शरीराने केव्हातरी 'पुरे' म्हटले असणार आणि त्या क्षणी स्वतःपेक्षा मोठे असे काहीतरी आठवावे लागले असणार. १९२३ च्या तरुणांसाठी ते देशाचे नाव होते, १९८५ मध्ये तुटू पाहणारा समाज, २०१५ मध्ये दूरच्या पाड्यावरचे अंधुक डोळे.

२९/
डहाणू-चिखल्याच्या किनाऱ्याने एकेकाळी इराणातून आलेल्यांना आसरा दिला, असे परंपरा सांगते. त्यांच्याच वंशातील सहा तरुणांना इराणपासून चीनपर्यंतच्या अनोळखी माणसांनी भाकर-पाणी दिले. हजार वर्षांच्या अंतराने झालेली ही परतफेड कोणत्याही वहीत नोंदलेली नाही. जगप्रवासाच्या विक्रमांत मैल मोजले जातात. ज्यांच्या दारात ते मैल विसावले, त्या माणसांची नावे शोधणे हे पुढच्या अभ्यासकांचे काम आहे.

३०/
सहा नावे पुन्हा एकदा : आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भुमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानावाला, नरिमन कापडिया. पुढच्या वेळी कुणी ही गोष्ट सांगेल तेव्हा तीनच नावे घेऊन थांबू नये, इतकेच.

(धागा समाप्त)